नव्या खजिनदाराला
बाळा, आपल्या चर्चच्या मंडळीचा हिशोब तू हातात घेतलास, फार बरं वाटलं. उपासना संपली की अर्पण तिथेच दोघांनी मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. रात्रभर कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या वेगवेगळ्या घरी. पाळकांचा पगार आधी काढ; साउंड सिस्टीमचा खर्च मागे पडला तरी चालेल. हॉलचं भाडं झेपत नसेल तर जवळच्या चर्चकडे दुपारची वेळ माग, लाजू नकोस. बाहेरची देणगी दुरुस्तीला ठेव, पगाराला कधीच नको.

आणि बिल्डर आला तर ठामपणे सांग: ट्रस्टची जागा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, ३ वर्षांवर भाडेपट्ट्यानेही देता येत नाही.