मिशिगनमधला हिवाळा संपल्यावर गाडीचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमधला पहिला हिवाळा पार पडला, सेकंडहँड सेडान आहे, दोनदा धुऊन घेतली, चकाचक दिसतेय. आणखी काही करायला हवं का? हवं. आणि ते जवळजवळ सगळं गाडीच्या पोटाखाली आहे.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. या शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि बर्फ वितळवायला तिथलं मीठ रस्त्यांवर टाकतात. साध्या मिठाच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइडचं द्रावणही फवारतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या सांध्यांत ओल टिकून राहते. कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो. पारा वर गेला की तेच ओलं मीठ झपाट्यानं लोखंड खायला लागतं. म्हणून माझ्या मते जानेवारीतल्या धुलाईपेक्षा एप्रिलमधली जास्त मोलाची.

आपल्याकडे सोसायटीत सकाळी बादली-फडकं घेऊन गाडी पुसणारा येतो, त्यामुळे आपली नजर काच आणि बॉनेटवरच जाते. इथे आधी वाका. कार वॉशमध्ये अंडरबॉडी वॉश, म्हणजे गाडी खालून धुणं, असलेलाच पर्याय घ्या. घराला ड्राइव्हवे असेल तर बागेचा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून नळ सोडा आणि मधून मधून त्याची जागा बदला. चाकांच्या वरच्या कमानीत मात्र हातात पाइप घेऊनच पाणी मारावं लागतं. तिथे प्लॅस्टिकच्या अस्तरामागे चिखल आणि मीठ मिळून लगदा साठतो.

आता दार उघडा आणि खालच्या कडेवरून बोट फिरवा. बारीक फटी लागतील. दारात शिरलेलं पाणी त्यातून निथळतं. हिवाळ्यात त्या बुजतात आणि खारं पाणी दाराच्या आतच बसून राहतं. टूथपिकनं त्या मोकळ्या करा. बऱ्याचदा तपकिरी पाणी ठिबकायला लागतं. दारांखालच्या रॉकर पॅनललाही अशीच भोकं असतात, आणि इथल्या जुन्या गाड्या बहुधा तिथूनच सडतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट ब्रेकच्या नळ्यांची. बऱ्याच गाड्यांत त्या पोलादी असतात आणि गाडीखालून पुढून मागे जातात. 2015 मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्यानं रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना मुद्दाम सांगितलं होतं की गाडी खालून धुवा आणि या नळ्या तपासून घ्या. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी नाही, म्हणजे तुम्ही म्हटल्याशिवाय कुणी बघणार नाही. ऑइल बदलायला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर असतानाच मेकॅनिकला टॉर्च मारून बघायला सांगा. वरवरचा तांबूस थर चालतो. पापुद्रे सुटत असतील किंवा नळी कुठे ओलसर दिसली तर त्याच दिवशी काम करून घ्या. नवीन नळी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची मागा, ती गंजत नाही.

बाकीचं थोडक्यात. मॅट काढून खालच्या गालिच्यावर हात दाबून बघा, ओल असेल तर वाळवा. मिठाचे पांढरे डाग कोमट पाण्यात व्हिनेगर घालून पुसले की जातात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर खड्ड्यांनी चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं असू शकतं. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर तो टायर गेला, त्यावर हायवेला जाऊ नका. विंटर टायर असतील तर तापमान सातत्यानं 7 अंश सेल्सियसच्या वर राहायला लागलं की बदला, नाहीतर उन्हाळ्यात भराभर झिजतात.

अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखायला गाडीच्या पोटाला लावायचा थर, याबद्दल कुणीतरी तुमच्या गळ्यात काहीतरी मारायला बघेलच. आधीच गंज असलेल्या गाडीवर रबरासारखा जाड थर लावून घेऊ नका. तो ओल आत कोंडतो आणि वरून सगळं झाकलेलं असल्यानं आतली सड दिसतही नाही. त्यापेक्षा तेलाचा किंवा लॅनोलिनचा फवारा बरा, तो दरवर्षी नव्यानं मारावा लागतो. गाडी खालून पूर्ण धुऊन कोरडी झाल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास मारून घ्या. आत्ता घाई नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून काढतात, त्यामुळे काही दिवस गाडीला धनगराच्या वाड्यासारखा वास येतो. तेवढा चालवून घ्या.