स्वीडनमध्ये एका विषयाची परीक्षा पाच-पाच वेळा देता येते म्हणतात. मग तिथल्या मास्टर्सला किंमत काय? जावं का?

किंमत आहे. जावं की नाही हे तुमच्या खिशावर आणि विषयावर आहे, त्याबद्दल शेवटी थोडं लिहिते. खरं तर उत्तर देणार नव्हते, पण "पाच-पाच वेळा" वाचलं आणि थेट आमच्या मामाचा आवाज कानात वाजला.

आधी नियम सांगते, कारण तो तुम्ही उलटा ऐकलाय. स्वीडनमध्ये विद्यापीठाला परीक्षेच्या प्रयत्नांवर मर्यादा घालायची असेल, तर ती पाचाच्या खाली आणता येत नाही, असं सरकारी नियमावलीत आहे. पाच ही कमीत कमी संख्या झाली, बऱ्याच विषयांना मर्यादाच नसते. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं चालतं? केटी, म्हणजे राहिलेला विषय, सुटेपर्यंत लोक बसतातच की. फरक एवढाच की आपल्याकडे सुटलेली केटीसुद्धा पाठ सोडत नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या "नो डेड बॅकलॉग" अशी अट घालतात. विषय मेला तरी त्याचं सुतक चालूच.

मी 2014 साली लिंशॉपिंगला इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायला गेले, कर्ज काढून. बी.ई.ला कंट्रोल सिस्टीम्समध्ये (यंत्र आपोआप ताब्यात ठेवायचं शास्त्र) मला डिस्टिंक्शन होतं, म्हणून तिथे त्याचाच पुढचा कोर्स बिनधास्त घेतला आणि नापास झाले.

परीक्षेचं चित्र आधी बघा. चार तास, मोजके प्रश्न, पुस्तक शेजारी उघडं ठेवायची परवानगी. सुपरवायझर म्हणून निवृत्त आजी-आजोबा. पोरं डब्यातून सँडविच, केळी, थर्मासमधून कॉफी घेऊन बसलेली. मला वाटलं, ही परीक्षा आहे की सहल! प्रश्न हातात आला आणि कळलं की पुस्तकाचा उपयोग फक्त वारा घ्यायला आहे.

नायक्विस्टचा आलेख (सिस्टीम स्थिर आहे का ते बघायचा) ज्यांनी काढलाय त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आपल्याकडे आम्ही लोकल ऑथरच्या पुस्तकातून एकच ओळ पाठ केलेली: आलेखाने उणे एक या बिंदूला वेढा घातला नाही, तर सिस्टीम स्थिर. पेपरात येणारी प्रत्येक सिस्टीम मुळातच शहाणी, म्हणजे स्थिर, असायची, त्यामुळे ती ओळ कायम चालून गेली. तिथे प्रश्नातली सिस्टीम फीडबॅकशिवाय मुळातच अस्थिर होती. अशा वेळी वेढा नसणं हेच अस्थिरतेचं लक्षण असतं. मोजून हवे तेवढे वेढे, तेही योग्य दिशेने, पडावेच लागतात. मी चार तास घालून सुंदर आलेख काढला आणि खाली निष्कर्ष बरोब्बर उलटा लिहिला. हा नायक्विस्ट अमेरिकेत नावारूपाला आला तरी जन्माने स्वीडिश, वेर्मलांडमधला. त्याच्या मुलखात जाऊन त्याच्याच आलेखाखाली गाडले गेले म्हणा.

आणि हा काही प्रोफेसरच्या डोक्यातून निघालेला वाकडा प्रश्न नव्हता. साब कंपनीचं ग्रिपेन हे लढाऊ विमान लिंशॉपिंगलाच बनतं. ते चपळ राहावं म्हणून मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आहे, हवेत टिकतं ते कंट्रोल सिस्टीमच्या जिवावर. 1989 मध्ये त्याचं पहिलं प्रोटोटाइप तिथल्याच धावपट्टीवर उतरताना कोसळलं, 1993 मध्ये स्टॉकहोममध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत आणखी एक ग्रिपेन पडलं. दोन्ही वेळा पायलट वाचला, आणि दोन्ही वेळा बोट कंट्रोल सिस्टीमकडेच गेलं. त्या गावात "वेढा नाही म्हणजे स्थिर" असं पाठ केलेल्या इंजिनिअरला पास करणं परवडणारं नव्हतं.

पुनर्परीक्षेला, तिकडे तिला ओमटेंटा म्हणतात, मी पुन्हा उडाले, ह्या वेळी काठावर. मग पेपर बघायला गेले. तिकडे तपासलेली उत्तरपत्रिका हा सरकारी दस्तऐवज असतो आणि सरकारी दस्तऐवज बघायचा हक्क तिथल्या लोकांना 1766 च्या कायद्यापासून आहे. (आपल्याकडे उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात बघता येते हे सुप्रीम कोर्टाला 2011 मध्ये सांगावं लागलं. त्याआधी आमच्या बॅचने फोटोकॉपीचे वेगळे, रिव्हॅलचे (फेरतपासणीचे) वेगळे असे पैसे भरून काय मिळवलं ते विचारू नका.)

प्रोफेसर माझा पेपर घेऊन बसले. एकेक ओळ वाचली. मी एका गुणासाठी भांडले, त्यांनी ऐकून घेतलं, फळ्यावर आलेख काढला आणि गुण दिला नाही. मी उठणार एवढ्यात म्हणाले, "तू दोनदा नापास झालीस, आता तुला दुसरा परीक्षक मागता येतो. लेखी अर्ज कर, विभाग देईल." मला वाटलं माणूस चिडला. मी सर-सर करत माफी मागायला लागले. त्यांना माफी कशाची तेच कळेना. हा नियम आहे, म्हणाले, माझा राग कशाला येईल? खरोखरच तसा नियम आहे, देशभर. दोनदा नापास झालेल्याला परीक्षक बदलून मागता येतो आणि ठोस कारण असल्याशिवाय विद्यापीठाला नाही म्हणता येत नाही. मी बदलून मागितला नाही. ऑगस्टच्या ओमटेंटाला त्यांच्याच हाताखाली तीन ग्रेड घेऊन पास झाले. तीन म्हणजे पास होण्यापुरती, वर चार आणि पाच.

पुढे मामेबहिणीच्या साखरपुड्याला नाशिकला मामाने भर पंगतीत विचारलं, "कितव्या अटेम्प्टला सुटला गं?" मामा इंजिनिअरिंग कॉलेजात एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, होता. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तक उघडं, तोंडात केळं, आणि पास होईपर्यंत परीक्षा. ह्याला मी डिग्री म्हणत नाही." सगळे हसले. मी तेव्हा जिलबी खात गप्प बसले, पण आता लिहितेच.

मामा, तुझ्या कॉलेजात मी ह्याच विषयात डिस्टिंक्शनने, पहिल्या झटक्यात पास झाले असते आणि आयुष्यभर चुकीची ओळ घोकत राहिले असते. अटेम्प्ट मोजून विद्यार्थ्याला किती येतं ते कळत नाही, मागची दहा वर्षं काय विचारलं गेलं हे त्याला माहीत होतं की नाही एवढंच कळतं. तिकडे पास व्हायची रेषा कोणासाठी खाली येत नाही, गाठायला वेळ लागला तर लागू देतात. आणि हो, तू विचारलं होतंस "वर्गात नंबर कितवा", तर नंबर नसतोच. स्वीडिश पदवीवर फर्स्ट क्लास, सेकंड क्लास असं काही छापलेलं नसतं, एकेका कोर्सची ग्रेड तेवढी असते. तुझ्यासारख्यांची पंचाईत होते खरी.

आता प्रश्नकर्त्यासाठी. फुशारकी पुरे, जाच पण ऐका. युरोपबाहेरच्यांना 2011 पासून फी आहे, तांत्रिक विषयांना वर्षाला दीड लाख स्वीडिश क्रोनरच्या आसपास धरा. तिथल्या पोरांना फी नाही, वर सरकारी अनुदान आणि स्वस्त कर्ज, म्हणून ती वर्षभर थांबून सावकाश पास होतात. तुम्हाला ती चैन नाही. रेसिडेन्स परमिट वाढवताना पुरेसे क्रेडिट झालेत का हे बघतात. शिवाय राहिलेल्या विषयाचा अभ्यास चालू कोर्सच्या डोक्यावर बसतो, दोन्ही हातचे जातात. म्हणजे नियम पाच वेळांचा असला तरी तुमच्यासाठी तो व्यवहारात दोन-तीन वेळांचाच आहे. ओमटेंटासाठी आधी नोंदणी करावी लागते, विसरलात तर दारातून परत. आणि असाइनमेंट कॉपी केलीत तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं, सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल उतरवायची सवय इथेच सोडून जा.

नोकरीचं म्हणाल तर मोठ्या तांत्रिक कंपन्यांत इंग्रजीवर भागतं, बाकी ठिकाणी स्वीडिश लागते. पहिल्या सत्रापासून शिका, मी उशिरा सुरू केली आणि त्याचा अजून वैताग आहे. पीएच.डी.चा विचार असेल तर स्वीडनसारखा देश नाही. पीएच.डी.ला फी कोणालाच नसते आणि बहुतेक जागा पगारी नोकरीच्या असतात. पण जागेला स्पर्धा जगभरातून आहे.

पुढच्या वर्षी जायचं असेल तर अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत, 900 क्रोनर भरून, एकाच पोर्टलवर सगळ्या विद्यापीठांसाठी. मास्टर्सचे चार प्रोग्रॅम पसंतीक्रमाने टाकता येतात. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागवायला घ्या, क्लार्क डिसेंबरात सुट्टीवर असतो.