तर्री तीच, पळी बदला

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज ३०० जण चहा-नाश्ता करतात. साखर, मीठ, तेल कमी खा, असे फलक वर्षभर लावले. फरक शून्य. सक्ती न करता काय करता येईल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : फलक काढले तरी चालतील. साखर वाईट हे सगळ्यांना ठाऊकच आहे. घाईच्या वेळी माणूस समोर येईल ते घेतो. अशाच वागण्याच्या अभ्यासासाठी रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निवड खुली ठेवायची, पण न मागता हातात पडतं ते बरं असावं, ही त्यामागची युक्ती.

सुरुवात चहापासून करा. १०० कपांना १ किलो साखर पडत असेल, तर तीन कपांत ३० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, जमल्यास २५. आधी दोन आठवडे साखर आणि कप रोज लिहून ठेवा. मग दर पंधरवड्याला १०० कपांमागे १०० ग्रॅम कमी करत ६०० वर थांबा. एकदम निम्मी केलीत तर मंडळी गेटबाहेरच्या टपरीवर जातील. जास्त हवी त्याला काउंटरवर मागितली की द्यावी. टेबलावर डबा नको.

तर्री पोह्यांत सगळं वाढप्याच्या हातात असतं. रश्श्यावरचा लाल तवंग तो मायेनं पळीभर ओततो. तवंग आधीच वेगळ्या भांड्यात काढा, रस्सा चण्यांसकट ५० मिलीच्या पळीनं वाढा. ‘तर्री मारके’ म्हणणाऱ्याला वरून जरूर द्या. मात्र वाढप्यानं ‘तर्री देऊ का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की नाही कोण म्हणतो? म्हणून फलकाआधी वाढप्याला विश्वासात घ्या.

मिठाचं गणित वेगळं. अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्स प्रांतानं २०११ मध्ये हॉटेलांच्या टेबलांवरून मीठदाण्या हटवल्या. आपल्याकडे मीठ पातेल्यातच पडतं, तेव्हा तिथंच मोजून हळूहळू कमी करा. दिवसाची मर्यादा माणशी ५ ग्रॅमच्या आत आहे. लोणचं-पापड मागितल्यावरच द्या.

ताटली लहान असली की माणूस कमी खातो, असं म्हणतात; पण लहान ताटल्यांवर इतक्यात पैसे घालू नका. ताट-वाट्यांच्या आकारावरच्या संशोधनासाठी गाजलेल्या ब्रायन वॉन्सिंक यांचे सहा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘जामा’च्या वैद्यकीय नियतकालिकांनी मागे घेतले.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आणि उष्ट्याची बादलीही रोज तोला. वाया जाणारं वाढलं, तर तुम्ही चव बिघडवली आहे.