मोटारसायकलच्या नव्या मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच एलईडी आहे. डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे का लुकलुकतात?

डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरी एकत्र पिळून एलईडीच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडल्यामुळे दोन्ही बाजूंची सर्किटे एक झाली आहेत. जुन्या मीटरमधला बल्ब या दोन वायरींच्या मध्ये बसत असे आणि त्याला अर्थिंग विरुद्ध बाजूच्या बल्बच्या फिलामेंटमधून मिळत असे. एलईडीतून मात्र करंट एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे ती जुनी जोडणी ठेवली असती, तरी तो एकाच बाजूला पेटला असता.

यासाठी १एन४००७ जातीचे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घ्यावेत, जे पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळतात. प्रत्येक वायरीला एकेक डायोड असा जोडावा, की पट्टी असलेले टोक एलईडीकडे राहील. ती दोन्ही टोके जोडून पॉझिटिव्हला द्यावीत आणि निगेटिव्ह टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, अर्थ करावे. एलईडी सुटा असेल, तर करंट मर्यादित ठेवणारा ६८० ओहमचा रेझिस्टरही लागतो, कारण गाडी चालू असताना व्होल्टेज १४.४ व्होल्टपर्यंत चढते. तयार मीटरमध्ये तो बहुधा आत असतोच, तरी खात्री करून घ्यावी.

न्यूट्रलचा दिवा मात्र उलटा असतो: बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच अर्थच्या बाजूला असल्याने पॉझिटिव्ह टोक इग्निशननंतरच्या १२ व्होल्टला आणि निगेटिव्ह स्विचच्या वायरीला जाते. सांधे नुसती टेप गुंडाळून सोडू नयेत. सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी, नाहीतर पुण्याच्या पहिल्याच पावसात पुन्हा हेडलाइट उघडावा लागेल.