बाटलीवर ३७ टक्के, मग मोलॅरिटी किती?

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३७ टक्के लिहिले आहे. १०० मिलीत ३७ ग्रॅम, म्हणजे लिटरमध्ये ३७० ग्रॅम. त्याला रेणुभाराने, म्हणजे ३६.४६ ने भागून १०.१५ मोलर आले. सर मात्र १२ मोलर म्हणतात. माझे कुठे चुकले? मला १ मोलरचे ५०० मिली द्रावण करायचे आहे.

उत्तर : गणित बरोबर आहे, टक्क्यांचा अर्थ चुकला. बाटलीवरचे टक्के वजनी आहेत : १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. तुम्ही १०० मिली धरलेत. मोलॅरिटी म्हणजे लिटरमागे किती मोल (ग्रॅम भागिले रेणुभार), म्हणून मध्ये घनता लागते आणि तीही त्याच लेबलवर छापलेली असते, साधारण १.१८ ग्रॅम प्रति मिली. म्हणजे एक लिटर आम्लाचे वजन ११८० ग्रॅम. त्याचे ३७ टक्के ४३६.६ ग्रॅम, भागिले ३६.४६, उत्तर ११.९७ मोलर. सरांचे १२ ते हेच. सूत्रच हवे तर : टक्के × घनता × १०, भागिले रेणुभार.

५०० मिलीसाठी ५०० ÷ ११.९७, म्हणजे ४१.८ मिली आम्ल घ्या. तुमच्या १०.१५ ने ४९.३ मिली घेतले असते आणि द्रावण १.१८ मोलर झाले असते. चूक नेमकी घनतेइतकी!

मापन चंबूत आधी निम्म्याहून जास्त ऊर्ध्वपातित पाणी, मग हळूहळू आम्ल; उलट कधीच नाही. हे काम धूरकपाटात, हातमोजे व चष्मा घालूनच करा. द्रावण गरम होते, ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरा. गरम असताना भरले तर थंड झाल्यावर पातळी खुणेखाली उतरते.

एवढे करूनही हे द्रावण 'अंदाजे १ मोलर'च म्हणा. कित्येक बाटल्यांवर '३५–३७ टक्के' असे मोघम छापलेले असते; ३५ धरले तर उत्तर ११.३ येते. शिवाय बाटली वारंवार उघडली की वायू उडून जातो. अनुमापनासाठी (थेंबाथेंबाने मिसळून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्यासाठी) वापरायचे असेल तर तापवून कोरडे केलेले निर्जल सोडिअम कार्बोनेट १.०६ ग्रॅम पाण्यात विरघळवा, मिथिल ऑरेंज हा दर्शक घाला आणि ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापननळीतून) रंग बदलेपर्यंत आम्ल सोडा. एवढ्या कार्बोनेटला नेमक्या १ मोलर आम्लाचे २० मिली लागतात, म्हणून २० ला लागलेल्या मिलींनी भागा : २०.६ मिली लागले तर ०.९७ मोलर. इथे फिनॉल्फ्थॅलिन नको, त्याचा रंग अर्ध्या वाटेवरच, बायकार्बोनेटपाशी जातो.

प्रश्न : सलाइन ०.९ टक्के असते. तिथेही घनता घ्यायची का?

उत्तर : नाही. औषधी द्रावणांत टक्के बहुधा वजन/आकारमान असे असतात. सलाइनच्या १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमध्ये ९ ग्रॅम. मिठाचा रेणुभार ५८.४४, म्हणून ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोलर.