टोकं पेटतात, मधे अंधार? नवी ट्यूब आणू नका

दोन्ही टोकं लालसर, मधली काच अंधारी आणि महिनाभरात दुसरी ट्यूब गेली, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक स्टार्टर (ट्यूब पेटवून देणारी छोटी डबी) चिकटलाय. (हे तांब्याचा चोक, म्हणजे करंट आवरणारी तारेची गुंडाळी, असलेल्या जुन्या ट्यूबलाइटबद्दल. इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर नसतो.)

स्टार्टरच्या डबीत एक इवलासा काचेचा फुगा आणि त्याला समांतर जोडलेला कपॅसिटर असतो. बटण दाबलं की फुग्यातली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते आणि टेकते. मग चोकमधून येणारा करंट दोन्ही टोकांतल्या फिलॅमेंट (बारीक तारा) तापवतो. पट्टी गार होऊन सुटते त्या क्षणी चोक शेकडो व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूबमधल्या आरगॉन-पाऱ्यातून करंट वाहायला लागतो. पेटलेल्या 40 वॉटच्या ट्यूबवर जेमतेम 100 व्होल्ट राहतात, तेवढ्यावर स्टार्टर पुन्हा चालू होत नाही.

तुमच्याकडे पट्टी सुटत नाहीये, नाहीतर कपॅसिटर शॉर्ट आहे. फिलॅमेंटवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. रात्रभर टोकं तशीच तापली की तो उडून काचेवर बसतो, टोकं काळी पडतात. त्याच स्टार्टरवर नवी ट्यूब चढवली की तिचीही तीच गत, शिवाय चोक भाजतो तो वेगळाच.

खात्री करायची तर टोकं पेटलेली असताना स्टार्टर पाव फेरा फिरवून बाहेर काढा. हात कोरडे, पायात चप्पल, आणि बोट फक्त प्लॅस्टिकला. ट्यूब झपकन पेटली तर दोषी सापडला. पहिल्या खेपेला नाही पेटली तर पुन्हा बसवून काढून बघा, झटका दर वेळी सारखा नसतो. तरीही नाहीच पेटली, तर लेप संपलाय. (भीती वाटत असेल तर हे वायरमनवर सोडा, मी जबाबदारी घेत नाही.)

आमच्या इमारतीच्या देखभाल कार्यालयाला हे कधीच पटलं नाही. काळं टोक दिसलं की रजिस्टरात 'ट्यूब बदलली', स्टार्टर तोच जुना, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार. पारा असलेल्या ट्यूब कचऱ्यात जात राहिल्या, बिल आमच्या माथी. माझं मत विचाराल तर प्रत्येक नव्या ट्यूबबरोबर नवा स्टार्टर, वाद नको.

ट्यूब नुसती फडफडत असेल तर आधी व्होल्टेज बघा, कमी दाबात स्टार्टर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसतो. दोन फुटी दोन ट्यूब एकाच चोकवर असतील तर 4 ते 22 वॉटचाच स्टार्टर लागतो. चार फुटीचा चालत नाही.

एलईडी ट्यूब लावणार असाल तर स्टार्टर काढाच. चोक ठेवायचा की नाही आणि फेज-न्यूट्रल एका टोकाला द्यायचे की दोन्ही, हे त्या ट्यूबवरच छापलेलं असतं. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका.