जांभळी ब्रोकोली पातेल्यात हिरवी का होते?

प्रश्न : जांभळ्या ब्रोकोलीची सहा रोपं कुंड्यांत लावली. वेळ मिळेना म्हणून दोन महिने ती ट्रेमध्येच राहिली होती. फ्लॉवरला बांधतात तशी पानं गड्ड्यांवर बांधली, तरी रंग फिकाच. चार कुंड्यांत लिंबाएवढेच गड्डे आले. दोन बरे आले ते कापून उकडले, तर ते हिरवे आणि पाणी निळसर! बियाणं फसवं निघालं का? – एक वाचक

उत्तर : बियाण्यावर आळ घेऊ नका. पहिल्या वर्षी माझीही हीच फजिती झाली होती. ‘आज जांभळी भाजी’ म्हणून घरभर सांगून ठेवलं आणि झाकण काढलं तर नेहमीचीच हिरवी. मुलगी अजून चिडवते.

जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तो पाण्यात विरघळतो. उष्णतेनं पेशी फुटल्या की रंग पाण्यात उतरतो आणि त्याखाली दडलेलं हरितद्रव्य दिसू लागतं. पुढच्या वेळी ते पाणी फेकू नका. दोन पेल्यांत घ्या, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. पहिलं गुलाबी होईल, दुसरं निळं-हिरवं. घरात लहान मूल असेल तर हे दाखवाच. रंग ताटात हवा असेल तर तुरे कच्चेच खा, नाहीतर उकडण्याऐवजी दोन-तीन मिनिटं नुसते वाफवून लगेच लिंबू पिळा. पूर्ण जांभळा मात्र राहत नाही.

पानं बांधायची गरज नव्हती. फ्लॉवर पांढरा राहावा म्हणून त्याचं ऊन अडवतात. इथे उलट आहे, जांभळा रंग उन्हात आणि गारव्यात चढतो. माझ्या एका गड्ड्यावर मोठं पान आडवं पडलं होतं, तेवढाच भाग हिरवट राहिला, जणू पानाचा ठसाच.

आता लिंबाएवढ्या गड्ड्यांचं. दोन महिने ट्रेमध्ये, हे तुम्ही ओघात लिहिलंत, पण खरं दुखणं तेच आहे. चार ते सहा आठवड्यांत, चार-पाच पानं आली की रोप हललंच पाहिजे. जास्त राहिलं की मुळं मातीभोवती वेटोळं घालतात आणि रोप वाढीचा नाद सोडून घाईघाईनं गड्डा धरतं. असा गड्डा नंतर खत घालूनही मोठा होत नाही. कापून खा, मोकळे व्हा. कुंडी लहान असेल तरी तेच होतं. एका रोपाला पंधरा-वीस लिटरची कुंडी द्या. जमिनीत लावलंत तर दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा.

बियाण्याचं पाकीट मात्र एकदा वाचा. जांभळ्यात एक मोठा गड्डा धरणारे वाण असतात, तसेच बारीक कोंब देणारेही. कोंबवाल्यांच्या जुन्या वाणांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते. इंग्लंडमध्ये वसंतात पेरलेले असे वाण हिवाळा काढून पुढच्या फेब्रुवारी-एप्रिलमध्ये तोडणीला येतात. थंडी मिळाली नाही तर नुसता पाला माजतो. तुमचं गड्डेवालंच दिसतंय.

एक फायदा कुणी सांगत नाही : हिरव्या ब्रोकोलीत हिरवी अळी सापडता सापडत नाही, जांभळ्यावर लगेच डोळ्यात भरते. तरी शिजवण्याआधी तुरे अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा.

कापलेल्या त्या दोन कुंड्या उपटल्या नाहीत ना? मूठभर कुजलेलं खत घाला, माती कोरडी पडू देऊ नका, बांधलेली पानं सोडा. पानांच्या बेचक्यांतून बोटाएवढे कोंब फुटतील. कळ्या घट्ट आहेत तोवर कापा, एखादी जरी पिवळी दिसली तरी त्याच दिवशी.